स्टब आणि आर्ग्युमेंटची जुळणी : जावास्क्रिप्टमधील घटक-चाचणीत 'तेच' म्हणजे काय?

१. विषयप्रवेश

दोन पाठ 'एकच' आहेत असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला नवा नाही. एका लेखनिकाने 'संगम' लिहिले आणि दुसऱ्याने 'सङ्गम' लिहिले, तर संपादक त्यास लेखनभेद मानतो, पाठभेद मानीत नाही. मात्र एका पोथीत 'दिन' आणि दुसरीत 'दीन' असेल, तर एका मात्रेच्या फरकाने अर्थ पालटतो आणि संपादकास थांबावे लागते. मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः दाखविला जात नसल्याने तेथे हा निर्णय लिपीच्या भरवशावर सोडता येत नाही. तो संदर्भावरून करावा लागतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत (ती १९६६ साली पूर्ण झाली) निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते ताडून पाहताना कोणता फरक नोंदवावयाचा आणि कोणता सोडून द्यावयाचा, हे आधी ठरविणे भाग होते.

हाच प्रश्न संगणकाच्या आज्ञावल्या तपासणाऱ्यांपुढे वेगळ्या रूपाने रोज उभा राहतो. भारतीय भाषांचे कोश, शब्दसूची आणि ग्रंथसंग्रह आता मोठ्या प्रमाणावर संगणकावर आले आहेत. अमुक शब्द अमुक ग्रंथात आढळत नाही, असे विधान अभ्यासक करतो, तेव्हा बहुधा एखाद्या आज्ञावलीच्या उत्तरावर तो विसंबलेला असतो. ती आज्ञावली ज्या चाचण्यांतून पार पडली, त्या चाचण्यांनी 'सारखेपणा'ची कोणती कसोटी लावली होती, हे त्यास ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात या कसोटीचे स्वरूप, जावास्क्रिप्ट या भाषेतील घटक-चाचणीच्या अनुषंगाने, तपासावयाचे आहे.

२. बदलीची संकल्पना

आज्ञावली ही अनेक फंक्शनांची बनलेली असते. फंक्शन म्हणजे ठरावीक काम करणारा, नाव दिलेला एक भाग. त्यास हाक मारताना जी मूल्ये द्यावी लागतात, त्यांना आर्ग्युमेंट म्हणतात. घटक-चाचणीत एकेक भाग इतरांपासून सुटा करून तपासला जातो. परंतु तपासावयाचा भाग दुसऱ्या एखाद्या भागावर अवलंबून असेल, आणि तो दुसरा भाग दूरच्या यंत्रावरील ग्रंथसंग्रहातून माहिती आणीत असेल, तर चाचणी मंद आणि बेभरवशाची होते. अशा वेळी त्या दुसऱ्या भागाच्या जागी एक बदली फंक्शन उभे करतात. ते खरे काम करीत नाही. ठरवून दिलेले उत्तर तेवढे देते. यासच स्टब असे म्हणतात.

नाटकाच्या तालमीत गैरहजर नटाच्या जागी दुसरा कोणी उभा राहतो आणि त्याची वाक्ये म्हणतो. समोरच्या नटाची तालीम व्हावी, एवढाच त्याचा हेतू असतो. तो अभिनय करीत नाही. पण आपल्या आधीचे वाक्य आले की आपले वाक्य म्हणणे त्यास चुकवून चालत नाही. समोरच्याने आधीचे वाक्य किंचित बदलून म्हटले, तर त्याने बोलावे की थांबावे? स्टबविषयीचा मुख्य प्रश्न नेमका हाच आहे.

या संकल्पनेचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर, वरून खाली चाचणी घेत जाण्याच्या पद्धतीच्या संदर्भात ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ सालच्या 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' या ग्रंथात स्टबची चर्चा केलेली आहे. केंट बेक यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी चाचणीची एक सुटसुटीत चौकट मांडली. तिच्यावरूनच पुढे बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ च्या सुमारास जावा भाषेसाठी 'जेयुनिट' रचली. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली 'मॉक' वस्तूंची कल्पना एका निबंधात मांडली. स्टब आणि मॉक यांची गल्लत होते हे पाहून मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये त्या दोहोंतील भेद स्पष्ट करणारा लेख लिहिला. स्टब वापरणारी चाचणी शेवटी उत्तर काय आले ते पाहते. मॉक वापरणारी चाचणी कोणास, कशी हाक मारली गेली ते पाहते, असा त्याचा मथितार्थ होता. जेरार्ड मेसॅरोस यांनी २००७ सालच्या ग्रंथात अशा सर्व बदल्यांना 'टेस्ट डबल' हे समान नाव दिले; चित्रपटात साहसदृश्यांसाठी नटाच्या जागी येणाऱ्या 'डबल'वरून त्यांनी ते घेतले होते.

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये निर्माण केली. तिच्यात स्टब तयार करण्यासाठी ख्रिश्चन योहान्सन यांनी २०१० मध्ये 'सायनन' हे साधन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी 'जॅस्मिन' आले, आणि २०१४ मध्ये फेसबुकने 'जेस्ट' सर्वांसाठी खुले केले. पुढील विवेचनात मुख्यतः सायनन आणि जेस्ट यांच्या रीतींचा आधार घेतला आहे.

३. एक उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक शब्दसूची कल्पावी. 'उतारेशोध' या फंक्शनला एक शब्द दिला असता तो शब्द ग्रंथात कोठे कोठे आला आहे ते उतारे त्याने दाखवावेत, अशी अपेक्षा आहे. ते स्वतः ग्रंथ वाचीत नाही. 'सूचीवाचन' नावाच्या दुसऱ्या फंक्शनला ते दोन आर्ग्युमेंटे देते : पहिले शब्द, आणि दुसरे शोधाच्या अटींची एक वस्तू, जिच्यात ग्रंथाचे नाव व उताऱ्यांची कमाल मर्यादा असते. 'सूचीवाचन' पृष्ठांकांची यादी परत करते. चाचणी 'उतारेशोध'ची आहे. म्हणून 'सूचीवाचन'च्या जागी स्टब आहे.

या स्टबने कोणतेही आर्ग्युमेंट आले तरी पृष्ठे १२ आणि ४७ अशी यादी द्यावी असे सांगितले, तर चाचणी सोपी होते; परंतु ती फार थोडे सिद्ध करते. 'उतारेशोध'ने शब्द वाटेत बिघडवून पुढे पाठविला तरी उत्तर तेच येईल आणि चाचणी उत्तीर्ण होईल. म्हणून सायननमध्ये 'विथआर्ग्ज' ही सोय आहे : अमुक आर्ग्युमेंटे आली तरच अमुक उत्तर द्यावे, असे तिच्यायोगे स्टबला सांगता येते. जेस्टच्या मूळ संचात अशी स्वतंत्र सोय नाही. तेथे बदली फंक्शनचे अंग स्वतः लिहून त्यात आर्ग्युमेंट तपासावे लागते, अथवा हाक मारून झाल्यावर ती कोणत्या आर्ग्युमेंटांनी मारली गेली होती हे विचारावे लागते.

जावास्क्रिप्टमध्ये या दक्षतेचे अगत्य अधिक आहे. ही भाषा आर्ग्युमेंटांची संख्या किंवा जात तपासत नाही. दोन हवी असता एकच दिले, तर दुसरे 'अनडिफाइंड' म्हणजे 'अनिर्दिष्ट' मानले जाते आणि काम पुढे चालू राहते. तीन दिली तर तिसऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. जी चूक अन्य काही भाषांत यंत्रच प्रारंभी दाखवून देते, ती येथे चाचणीनेच पकडावी लागते.

४. जुळणीच्या पायऱ्या

आर्ग्युमेंटांची तुलना करण्याच्या चार पायऱ्या सांगता येतात.

पहिली पायरी तादात्म्याची. संख्या आणि अक्षरमाला यांची तुलना मूल्यावरून होते; परंतु वस्तूंची तुलना भाषेच्या स्वतःच्या नियमानुसार त्या एकच वस्तू आहेत का, यावरून होते. एकाच ग्रंथाचे नाव आणि एकच मर्यादा असलेल्या दोन स्वतंत्र वस्तू या कसोटीला भिन्न ठरतात. जणू एकाच मुद्रणातील दोन प्रती, मजकूर तोच, पुस्तके दोन. चाचणीत वस्तू बहुधा नव्याने तयार केलेली असल्याने ही कसोटी क्वचितच उपयोगी पडते. फंक्शन हेच आर्ग्युमेंट म्हणून दिले असेल, तर मात्र तादात्म्यावाचून गत्यंतर नसते. शब्दशः सारखी लिहिलेली दोन फंक्शने भिन्नच मानली जातात.

दुसरी पायरी आशयाच्या समानतेची. वस्तूच्या आत शिरून प्रत्येक घटक ताडून पाहावयाचा, अशी ही रीत आहे. सायननचे 'विथआर्ग्ज' आणि जेस्टची तपासणी, दोन्ही सामान्यतः याच पायरीवर चालतात. परंतु त्यांचे तपशील सारखे नाहीत. सायननमध्ये जितकी आर्ग्युमेंटे सांगितली तितकीच तपासली जातात. त्यांच्यापुढे जास्तीचे एखादे आले तरी जुळणी होते, आणि संख्याही काटेकोर हवी असेल तर तसे वेगळे विचारावे लागते. जेस्टमध्ये संख्या पाळली जाते. पण वस्तूतील एखाद्या घटकाचे मूल्य 'अनिर्दिष्ट' असेल, तर तो घटक मुळात नसल्यासारखाच मानला जातो. म्हणजे 'मर्यादा' दिलीच नाही आणि 'मर्यादा' अनिर्दिष्ट म्हणून दिली, यांत तेथे भेद उरत नाही. ज्याने हे नियम वाचले नाहीत, तो आपली चाचणी समजतो त्याहून सैल घेत असतो.

तिसरी पायरी अंशतः जुळणीची. वस्तूत निदान हे घटक असावेत, अन्य काही असल्यास हरकत नाही, असे सायननच्या 'मॅच'ने किंवा जेस्टच्या 'ऑब्जेक्टकंटेनिंग'ने सांगता येते. उद्या अटींच्या वस्तूत 'कालखंड' हा नवा घटक आला, तर शब्दाविषयीच्या चाचणीने त्यामुळे मोडू नये. हा या पायरीचा लाभ. तिचा धोकाही ध्यानात ठेवावा. सायननच्या 'मॅच'ला अक्षरमाला दिली, तर ती आर्ग्युमेंटात कोठेही अंशरूपाने आली तरी जुळणी होते. 'आचार' असे दिले असता 'आचारसंहिता' हाही शब्द जुळतो. शब्दसूचीच्या चाचणीत हा दोष लहान नव्हे.

चौथी पायरी निकषाची. जुळते की नाही हे ठरविणारे फंक्शन चाचणी लिहिणाऱ्यानेच द्यावयाचे. येथे साधनाचा नियम संपतो आणि विषयाचे ज्ञान सुरू होते. त्याचे अगत्य मराठीच्या एका उदाहरणावरून उत्तम दिसेल.

५. आचारी आणि आचार्य

मराठीत 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याने स्वयंपाक्याचा बोध होतो, दुसऱ्याने गुरूचा. तसेच 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील दऱ्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. लिपीत हा भेद य-च्या डावीकडील अर्ध्या र-ने आणि डोक्यावरील रफाराने दाखविला जातो. संगणकात मात्र 'आचाऱ्यास' हा एकच शब्द तीन रीतींनी साठविलेला आढळू शकतो. युनिकोड संकेतात ऱ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे. त्यापुढे हलन्तचिन्ह दिले की अर्धा र उमटतो, ही पहिली रीत. साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्तचिन्ह, ही दुसरी. साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे शून्य-रुंदीचे संधायक चिन्ह, ही तिसरी. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मानकाने ती मान्य ठेवली आहे. पडद्यावर वा कागदावर तिन्हींचे रूप एकच दिसणे अभिप्रेत आहे.

जावास्क्रिप्ट अक्षरमालांची तुलना करते ती सोळा-बिटी एककांच्या क्रमाची. पहिल्या रीतीने लिहिलेल्या 'आचाऱ्यास'ची लांबी ८ एकके भरते, दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीने ९. या तिघांतील कोणतेही दोन एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे चाचणीत पहिल्या रीतीने शब्द लिहिला आणि आज्ञावलीकडून तो तिसऱ्या रीतीने आला, तर स्टब तो ओळखत नाही. चाचणी लिहिणारा पडद्याकडे पाहतो, तर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे.

यावर पहिला उपाय सुचतो तो प्रमाणीकरणाचा. एक्मास्क्रिप्ट २०१५ या आवृत्तीपासून जावास्क्रिप्टमध्ये 'नॉर्मलाइझ' ही क्रिया उपलब्ध आहे. र आणि नुक्ता यांची जोडी आणि स्वतंत्र ऱ हे मानकानुसार समतुल्य असल्याने, तिच्यायोगे पहिली व दुसरी रीत एक होतात. तिसरी मात्र तशीच राहते. कारण मानकाच्या दृष्टीने ती त्यांच्याशी समतुल्य नाही. याच प्रकारे ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र क्रमांक मिळून आले. त्याआधी अ आणि अर्धचंद्र यांच्या जोडीने लिहिलेले शब्द केवळ प्रमाणीकरणाने त्याच्याशी जुळत नाहीत.

दुसरा उपाय सुचतो तो अधिक घातक आहे. न दिसणारे चिन्ह निरर्थकच, तेव्हा तुलना करण्यापूर्वी ते सरसकट गाळावे, असे वरकरणी वाटते. अनेक अक्षरांच्या बाबतीत ते चिन्ह खरोखरच केवळ जोडाक्षराचे रूप ठरवीत असते. परंतु तिसऱ्या रीतीच्या 'आचाऱ्यास'मधून ते गाळले की उरतो र, हलन्तचिन्ह आणि य, म्हणजे रफाराचा 'आचार्यास'. त्याची लांबीही ८ एकके. स्वयंपाकी गुरू झाला, दऱ्यांचा समुद्र झाला, आणि चाचणी मात्र उत्तीर्ण. पहिल्या कसोटीने एकाच शब्दाचे तीन शब्द केले होते. या कसोटीने दोन शब्दांचा एक केला. पहिली चूक चाचणी मोडून स्वतःस प्रकट करते; दुसरी मौन पाळते आणि अभ्यासकाच्या शब्दसूचीत जाऊन बसते.

यथार्थ निकष असा मांडता येईल : प्रथम 'र, हलन्तचिन्ह, संधायक' या क्रमाच्या जागी 'ऱ, हलन्तचिन्ह' हा क्रम ठेवावा, नंतर प्रमाणीकरण करावे, आणि मगच, हवे असल्यास, उरलेली अदृश्य चिन्हे गाळावीत. हा क्रम उलटा झाला तर निकष फसतो. सायननच्या 'मॅच'ला हे करणारे फंक्शन देऊन स्टबला सांगता येते की, या अर्थाने जुळणारा शब्द आला तर पृष्ठे १२ आणि ४७ द्यावीत. सोबत एक प्रतिचाचणीही असावी : 'आचार्यास' दिले असता ती पृष्ठे मिळता कामा नयेत. निकष किती सैल आहे याची परीक्षा, तो काय स्वीकारतो यापेक्षा, तो काय नाकारतो यावरूनच होते.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. शब्द एकाच रूपात आणून पुढे पाठविणे हे जर 'उतारेशोध'चेच काम असेल, तर स्टबचा निकष उदार असता कामा नये. तेथे काटेकोर तुलनाच योग्य, कारण तेच तपासावयाचे आहे. उदार निकष आज्ञावलीचा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन झाकून टाकील. कोणता भेद कोणी मिटवावयाचा, हे आधी ठरले पाहिजे.

६. जुळणीचा काळ

आर्ग्युमेंट केव्हा ताडले जाते, यालाही महत्त्व आहे. 'विथआर्ग्ज' हाक येताक्षणी तुलना करते. हाकेनंतर 'कोणत्या आर्ग्युमेंटांनी हाक आली होती?' असे विचारले असता तुलना नंतर होते. आणि बदली फंक्शनने वस्तूची प्रत ठेवलेली नसते, मूळ वस्तूचा निर्देश तेवढा जपलेला असतो. 'उतारेशोध'ने अटींच्या वस्तूत मर्यादा १० ठेवून पहिली हाक मारली, आणि मग तीच वस्तू बदलून मर्यादा २० करून दुसरी मारली, तर शेवटी चौकशी करता दोन्ही हाका २० च्याच दिसतात. खरी असलेली पहिली हाक खोटी ठरते. याउलट, चुकीच्या मर्यादेने हाक मारून नंतर वस्तू दुरुस्त केली असेल, तर चूक झाकली जाते. पोथीवर मागाहून हात फिरवून मूळ अक्षर पुसावे, तसाच हा प्रकार होय. उपाय दोन : हाकेच्या क्षणीच स्टबमध्ये प्रत घ्यावी, किंवा, अधिक चांगले म्हणजे, प्रत्येक हाकेसाठी नवी वस्तू तयार करण्याची शिस्त मूळ आज्ञावलीतच पाळावी.

७. न जुळलेली हाक

अखेरीस, स्टबला ओळखू न आलेल्या आर्ग्युमेंटांचे काय होते, हे पाहिले पाहिजे. सायननमध्ये अन्य काही सांगितले नसेल, तर अशा हाकेला स्टब 'अनिर्दिष्ट' हे उत्तर देतो. तक्रार करीत नाही. 'उतारेशोध'ने अनिर्दिष्टाचा अर्थ 'यादी रिकामी' असा घेतला, तर ते 'शब्द आढळत नाही' असे म्हणेल. आता ज्या चाचणीत शब्द आढळू नये हीच अपेक्षा आहे, ती चाचणी शब्द वाटेत बिघडला तरी उत्तीर्ण होते. उत्तर बरोबर, कारण चूक. अनुपस्थितीचा पुरावा म्हणून अशा चाचणीस काहीही किंमत नाही.

म्हणून स्टबचे मूळ वर्तन आधी 'दोष उपस्थित करणे' असे ठेवावे, आणि त्यावर अपेक्षित आर्ग्युमेंटांसाठी एकेक उत्तर नेमावे. न आढळणाऱ्या शब्दासाठीही रिकामी यादी स्पष्टपणे नेमावी. मग अनोळखी हाक येताच चाचणी थांबते आणि कोणते आर्ग्युमेंट आले ते पाहता येते. असे केले म्हणजे हाकेची निराळी पडताळणी बहुधा अनावश्यक होते. योग्य उत्तर मिळाले याचाच अर्थ योग्य आर्ग्युमेंट पोचले. एकच अट दोन ठिकाणी लिहिल्याने चाचणी बळकट होत नाही, फक्त बदलास अवघड होते.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, आर्ग्युमेंटची जुळणी हा साधनाच्या सोयीचा प्रश्न नसून अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे. फार काटेकोर कसोटी निरुपद्रवी भेदांवर अडते, आणि वारंवार अडल्याने लोक तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतात. फार सैल कसोटी अर्थभेद गिळते. या दोहोंमधील योग्य जागा जावास्क्रिप्टला, सायननला वा जेस्टला ठाऊक असू शकत नाही. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांत अंतर आहे, पण पहिल्याच्या तीन लेखनरीतींत नाही, हे ज्यास मराठी येते त्यानेच सांगावयाचे असते. चिकित्सित आवृत्तीचा संपादक ग्राह्य व त्याज्य भेदांविषयीचे आपले धोरण प्रस्तावनेत नमूद करतो. शब्दसूची रचणाऱ्यांनीही आपल्या चाचण्यांतील जुळणीचे निकष तसेच उघडपणे नोंदवावेत, आणि 'आढळत नाही' या उत्तरावर निष्कर्ष बांधण्यापूर्वी अभ्यासकांनी ते मागून पाहावेत.